हिंसक कट्टरतेबद्दलची सहानुभूती : तरुण वयातील सामाजिक व मानसिक कारणे (ग्वाल्हेरच्या संदर्भात)

राजकीय, धार्मिक किंवा जातीय हेतूने केलेली हिंसा योग्य आहे, निदान समजून घेण्याजोगी आहे, असे स्वतः हात न उचलता मानणे म्हणजे हिंसक कट्टरतेबद्दलची सहानुभूती. हत्यार चालवणारे नेहमीच मूठभर असतात. ‘केलं ते बरंच केलं’ म्हणणारे त्यांच्या कितीतरी पट असतात, आणि मूठभरांना आसरा, वर्गणी आणि मेल्यावर हार यांच्याकडूनच मिळतात. विशीच्या आगेमागे असलेली मुले या दुसऱ्या गोटात का जातात, याचा अभ्यास गेल्या वीसेक वर्षांत मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांत झाला आहे. ही नोंद तो अभ्यास ग्वाल्हेरच्या, विशेषतः तिथल्या मराठी वस्तीच्या, अनुभवाशेजारी ठेवून पाहते. ग्वाल्हेरच का, तर गांधीहत्येतले पिस्तूल याच शहरातून गेले.

मराठीत या प्रक्रियेला नेमका शब्द नाही. वर्तमानपत्रे ‘कट्टरतावाद’ किंवा ‘मूलतत्त्ववाद’ लिहितात, अधिकारी ‘रॅडिकलायझेशन’ म्हणतात, आणि घरात म्हणतात, ‘पोराचं डोकं फिरवलंय कुणीतरी’. ‘माथी भडकवणे’ हा वाक्प्रचारही त्यातलाच. माथे मुलाचे, काडी लावणारा दुसराच. मूल म्हणजे नुसते सरपण. घरच्यांना हे समजणे सोयीचे असते, पण अभ्यासातून दिसते ते वेगळे आहे. मुलगा अर्धी वाट स्वतःच्या पायांनी चालून आलेला असतो, आणि बहुतेक वेळा दोस्तांच्या सोबतीने. ग्वाल्हेरात आणखी एक शब्द गमतीचा आहे. पुण्या-मुंबईत ‘कट्टा’ म्हणजे संध्याकाळी पोरे टेकतात तो ओटा. चंबळच्या बोलीत ‘कट्टा’ म्हणजे गावठी पिस्तूल. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास वसलेल्या लष्कर भागात वाढणाऱ्या मराठी मुलाला हे दोन्ही अर्थ शाळेत जाण्याआधीच कळलेले असतात.

मत आणि कृती

क्लार्क मकॉली आणि सोफिया मॉस्कालेन्को या अभ्यासकांनी मत आणि कृती यांचे दोन वेगळे पिरॅमिड मांडले. मतांच्या पिरॅमिडच्या तळाशी उदासीन लोक, त्यांच्यावर सहानुभूती बाळगणारे, त्यावर हिंसेचे समर्थन करणारे, आणि टोकाला ‘हे माझे कर्तव्यच आहे’ असे मानणारे. कृतीच्या पिरॅमिडमध्ये काहीच न करणारे, कायद्यात राहून चळवळ करणारे, कायदा मोडणारे आणि शेवटी दहशतवादी. एका पिरॅमिडवर वर चढलेला माणूस दुसऱ्यावरही चढतोच असे नाही. कडव्या मतांची बहुतेक माणसे आयुष्यभर कुणाच्या अंगाला बोट लावत नाहीत; उलट काही जण फारसे मत नसतानाही, केवळ भाऊ किंवा मित्र गेला म्हणून, थेट कृतीत ओढले जातात. फथाली मोघद्दम यांनी २००५ मध्ये मांडलेली ‘जिन्या’ची उपमा अधिक गाजली : तळमजल्यावर अन्यायाची भावना घेऊन वावरणारे असंख्य लोक, आणि मजल्यामागून मजला दारे कमी होत जाणारी वाट. उपमा लक्षात राहायला सोपी आहे, पण माणसे इतक्या शिस्तीत जिने चढत नाहीत.

सहानुभूती मोजण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. मकॉली-मॉस्कालेन्को यांच्या प्रश्नावलीतले एक विधान साधारण असे आहे : माझ्या समूहाच्या हक्कांसाठी लढणारी संघटना अधूनमधून हिंसेचा आधार घेत असली, तरी मी तिला पाठिंबा देत राहीन. उत्तर ‘होय’ आले तर तो मुलगा धोकादायक, असा अर्थ काढायचा नसतो. कागदावर ‘होय’ लिहिणे फुकट असते. पण हेच फुकट ‘होय’ एखाद्या गल्लीत, एखाद्या वसतिगृहात साठत गेले की हिंसा करणाऱ्याला आपल्यामागे लोक उभे आहेत असे वाटू लागते.

क्रांतिकारकांचे काय?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येतोच आणि तो टाळण्यात अर्थ नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. त्याच धामधुमीत ग्वाल्हेर संस्थानातही ‘नवभारत’ नावाच्या गुप्त मंडळाच्या सदस्यांवर खटला चालला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात त्याची दखल आहे. ही मुले परकी सत्तेविरुद्ध, मतपेटीचा मार्ग मुळातच बंद असताना उभी राहिली. त्यांना आजच्या दहशतवाद्याच्या रांगेत बसवणे इतिहासालाही धरून नाही. मात्र कोणते वय, कोणती संगत, कोणती शपथ आणि कोणता अपमान माणसाला तिथवर नेतो, याचे मानसशास्त्र ध्येयाची प्रत पाहून बदलत नाही. ध्येय न्याय्य होते की नाही, हा प्रश्न इतिहासाचा आणि नीतीचा आहे.

अडचण अशी की शाळेच्या पुस्तकातला कान्हेरे आणि मोबाइलवर फिरणारा दुसरा कुणीतरी ‘वीर’ यांच्यातली रेघ सतरा वर्षांच्या मुलाला कुणी आखून दाखवत नाही. हुतात्म्याची चौकट तयार मिळते, आणि मग तिच्यात कुणाचाही फोटो बसवता येतो.

१९४८ आणि ग्वाल्हेर

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनासभेच्या वेळी स्फोट झाला. तो घडवणारा मदनलाल पाहवा वीस वर्षांचा होता. फाळणीत पाकपट्टणहून उखडलेला, निर्वासितांच्या छावण्यांतून फिरून मुंबईला आलेला हा मुलगा पोटासाठी पुस्तके विकत होता. ज्या प्राध्यापक जैनांची पुस्तके तो विकत असे, त्यांच्यापाशी त्याने कटाची बढाई आधीच मारली होती. त्यांना ती सुरुवातीला पोकळ वाटली. स्फोटाची बातमी आल्यावर त्यांनी मुंबई सरकारला सांगितले, पण दहा दिवसांत पुढचे घडून गेले.

आजच्या परिभाषेत मदनलालच्या गोष्टीत जवळजवळ सगळे घटक एकत्र सापडतात : प्रत्यक्ष सोसलेली हिंसा, घरदार आणि पत गमावणे, ज्येष्ठांनी दिलेले महत्त्व, आणि बोलून दाखवल्याशिवाय न राहवणे. हल्ला करणारे बऱ्याचदा आधी कुणाला तरी सांगतात. धोक्याचे मूल्यमापन करणारे याला ‘गळती’ म्हणतात आणि तिच्यावर बारीक लक्ष ठेवतात. आणखी एक बाब नजरेतून सुटते ती वयाची. नथुराम गोडसे तेव्हा ३७ वर्षांचा, नारायण आपटेही जवळपास तेवढाच. कट पस्तिशी ओलांडलेल्यांचा, आणि पहिल्यांदा काडी लावायला पुढे गेलेला विशीतला. स्वतः गांधींनी दुसऱ्या दिवशीच्या सभेत या वाट चुकलेल्या तरुणाचा तिरस्कार करू नका, असे सांगितले होते.

तो प्रयत्न फसल्यावर गोडसे आणि आपटे २७ जानेवारीच्या रात्री गाडीने ग्वाल्हेरला उतरले आणि हिंदू महासभेचे स्थानिक पुढारी डॉ. दत्तात्रय सदाशिव परचुरे यांच्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल मिळाले आणि रात्री ते दिल्लीकडे परतले. परचुरे यांना खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले. १९४९ मध्ये अपिलात पंजाब उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. गोडसे आणि आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यात फाशी झाली.

सहानुभूतीच्या अभ्यासाच्या दृष्टीने याच्यानंतरचा काळ अधिक बोलका आहे. हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ‘अठ्ठेचाळीस साल’ एवढे दोनच शब्द उच्चारले की अनेक मराठी घरांत पुढचे सांगावे लागत नाही. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांचे नातेसंबंध याच गावांशी, त्यामुळे जळिताच्या कहाण्या लग्नकार्यांतून, पत्रांतून इथेही पोचल्या. आजोबा सांगतात ती गोष्ट जळलेल्या वाड्याची असते. ती खरी असते आणि दुःखाचीही. पण ऐकणारा नातू त्या वाड्यावरून एक पायरी मागे जातो, आणि ज्या कृत्याच्या नावाने वाडा जळला ते कृत्यच त्याला ‘आपल्या बाजूचे’ वाटू लागते. निरपराध कुटुंबाने सोसलेल्या अन्यायातून खुनाबद्दल आपुलकी उगवते, ती अशी आडवाटेने. अभ्यासक याला समूहाच्या बळीपणाची स्मृती म्हणतात. ती पुढच्या पिढीत उतरताना तपशील गळतात आणि राग तेवढा उरतो.

ही सहानुभूती पुढे उघड्यावरही आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या हिंदू महासभेच्या कार्यालयात गोडसेचा अर्धपुतळा बसवला गेला. प्रशासनाने तो काही दिवसांत जप्त केला. १० जानेवारी २०२१ रोजी त्याच ठिकाणी ‘गोडसे ज्ञानशाळा’ उघडली. तरुण पिढीपर्यंत हा विचार पोचवणे, असा तिचा सांगितलेला हेतू होता. दोन दिवसांत ती बंद झाली. प्रशासनाने कुलूप लावले म्हणून सहानुभूती संपली असे कुणी मानत नाही. बंदीमुळे अशा जागेला जे वलय येते तेही हिशेबात धरावे लागते.

हे एका धर्माचे किंवा एका विचाराचे दुखणे नाही. २००१ मध्ये बंदी घातलेल्या सिमी (स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया) या संघटनेचे म्होरके मार्च २००८ मध्ये मध्य प्रदेशातल्याच इंदूरमध्ये पकडले गेले. ती संघटना १९७७ मध्ये अलीगढला विद्यार्थ्यांचीच म्हणून निघाली होती. सत्तरच्या दशकात कोलकात्याच्या नामवंत महाविद्यालयांतली मुले नक्षलवादाकडे गेली. झेंडे वेगळे, वय तेच.

कारणे

गरिबी आणि निरक्षरता ही कारणे सर्वांत आधी सांगितली जातात आणि सर्वांत कमी टिकतात. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर आणि त्यांच्या सहकारी यित्का मालेच्कोव्हा यांनी २००३ मध्ये दाखवले की गरिबी किंवा कमी शिक्षणाचा दहशतवादाशी थेट संबंध लागत नाही. कमलदीप भुई आणि सहकाऱ्यांनी पूर्व लंडन आणि ब्रॅडफर्डमध्ये पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाच्या १८ ते ४५ वयाच्या सुमारे ६०० लोकांची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. सहानुभूती दाखवणारे अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. ते तुलनेने कोवळ्या वयाचे, शिकत असलेले आणि सुस्थितीतले होते. स्थलांतरित होऊन आलेले लोक त्यांच्यात कमी होते.

म्हणजे पोट रिकामे असण्यापेक्षा ताट हिसकावले गेल्याची भावना महत्त्वाची. समाजशास्त्रात हिला सापेक्ष वंचितता म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात ही कल्पना पुढे आली : जिथे बढत्या भराभर मिळत होत्या त्या हवाई दलात नाराजी जास्त होती, आणि जिथे त्या क्वचित मिळत त्या लष्करी पोलिसांत कमी. ग्वाल्हेरकरांना हे समजायला अमेरिकेत जायला नको. भिंड-मुरैना-ग्वाल्हेर पट्ट्यात सैन्यभरतीसाठी पहाटे चारला रस्त्यावर धावणारी मुले हे रोजचे दृश्य आहे : हातात बुटांची पिशवी, खिशात भिजवलेले हरभरे, घड्याळात १६०० मीटरची वेळ. कोरोनामुळे दोन वर्षे भरती झाली नाही आणि वय वाढत गेले. १४ जून २०२२ रोजी चार वर्षांच्या सेवेची अग्निपथ योजना जाहीर झाली, आणि १६ जूनला ग्वाल्हेरात गोला का मंदिर चौकात जाळपोळ आणि बिर्लानगर स्थानकावर तोडफोड झाली. ज्यांनी कधी भरतीचे स्वप्नच पाहिले नाही ते घरी बसून होते. तोडफोड करणारी मुले कट्टर नव्हती, आणि त्यांना तसे म्हणणे अन्यायच होईल. हे उदाहरण फक्त पहिल्या पायरीचे आहे : हातातोंडाशी आलेला घास गेला की संताप किती झटकन रस्त्यावर येतो, आणि त्या क्षणी त्या संतापाला कुणीतरी तयार कथा देऊ केली तर ती किती सहज चिकटू शकते.

कथा लागतेच. आरी क्रुग्लान्स्की यांच्या मांडणीत तीन गोष्टी जुळाव्या लागतात : आपण कुणीतरी आहोत असे वाटण्याची गरज, त्या गरजेला हिंसेचा रस्ता दाखवणारी कथा, आणि ती कथा खरी मानणारा गोतावळा. यातली पहिली गरज सगळ्यांनाच असते. विशीत ती फार टोचते, कारण तेव्हा मुलगा घरात ‘मोठा’ झालेला असतो आणि बाहेर अजून कुणीच झालेला नसतो. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळेच टांगलेले. जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये १८ ते २५ या टप्प्याला ‘उगवते प्रौढत्व’ म्हटले ते पाश्चात्त्य समाज डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडे हाच टप्पा स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांत तिशीपर्यंत लांबतो. मायकेल हॉग म्हणतात की स्वतःबद्दल अनिश्चितता वाढली की माणसाला काटेकोर सीमा, एक नेता आणि एक शत्रू असलेला समूह अधिक आवडू लागतो. ‘आम्ही कोण’ याचे उत्तर तिथे एका वाक्यात मिळते.

ग्वाल्हेरच्या मराठी मुलाला या प्रश्नाची एक जास्तीची कडा आहे. बाहेर तो हिंदीत वाढतो, घरात मराठीत. महाराष्ट्रात गेला की त्याची मराठी ऐकून ‘तुम्ही तिकडचे का?’ विचारतात, आणि ग्वाल्हेरात आडनाव ऐकून ‘आप तो महाराष्ट्र के हैं’ म्हणतात. शिंदेशाहीची आठवण अभिमानाची, पण तिच्यावर आज पोट भरत नाही. बहुतेक मुले ही फट गणेशोत्सव, गाणे, नाटक, क्रिकेट यांनी बुजवतात. एखाददुसरा इतिहासातल्या सूडाने बुजवू पाहतो.

गोतावळ्याचे वजन कथेपेक्षाही जास्त असते, असे मार्क सेजमन यांना २००४ च्या अभ्यासात दिसले : जागतिक जिहादी जाळ्यातली बहुतेक माणसे आधी मित्र किंवा नातेवाईक म्हणून एकत्र होती, विचार नंतर आला. वयाचा भाग इथेच येतो. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांच्या २००५ च्या प्रयोगात मुलांना संगणकावर गाडी चालवायला दिली. एकटे असताना किशोर आणि प्रौढ यांच्यात फार फरक नव्हता. मित्र पाहत उभे राहिले की किशोरांनी धोके खूप वाढवले, विशीच्या आरंभीच्या मुलांनी बऱ्यापैकी, चोविशीपुढच्यांनी जवळजवळ नाहीच. रात्री महाराज बाड्यावर एका मोटारसायकलवर तिघे बसलेले ज्याने पाहिले आहेत त्याला याचे नवल वाटणार नाही. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर एखादा हिंसक व्हिडिओ आला की पहिला ‘भाई मजा आ गया’ टाकतो, दुसरा त्याच्यावर कडी करतो, आणि ज्याला तो पाहून पोटात ढवळले तो गप्प बसतो. गटाला त्याचे गप्प राहणे होकारच वाटतो.

ढवळणे थांबवण्याचीही रीत आहे. अल्बर्ट बंडुरा यांनी तिला नैतिक सुटका म्हटले : कृत्याला गोंडस नाव देणे, जबाबदारी वरच्यावर ढकलणे, समोरच्याला माणसातून उठवणे. गोडसेच्या कृत्याला ‘हत्या’ऐवजी ‘वध’ म्हणण्याची मराठी रीत हे याचे तयार उदाहरण. वध राक्षसाचा होतो, कंसाचा होतो. शब्द बदलला की अर्धे काम झाले.

मानसिक आजाराबद्दल थोडक्यात. दहशतवाद्यांचे वेगळे असे व्यक्तिमत्त्व सापडत नाही. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्येच लिहिले की त्यांचे ठळक समान लक्षण म्हणजे त्यांचे सामान्यपण. सहानुभूतीच्या बाबतीत मात्र सौम्य नैराश्याचा धागा अधूनमधून दिसतो. भुई यांच्या पाहणीच्या पुढच्या विश्लेषणात तो दिसला. कॅनडातल्या क्युबेकमध्ये सेसिल रूसो, गायदा हसन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत पाहिले की भेदभाव आणि हिंसा सोसलेल्यांत सहानुभूती जास्त, आणि त्या वाटेत नैराश्य हा मधला दुवा. तिथेच आणखी एक निष्कर्ष निघाला, जो अनेकांना अनपेक्षित वाटतो : घरच्यांचा व मित्रांचा आधार आणि धार्मिकता, दोन्ही सहानुभूती कमी करणाऱ्या बाजूला होती. मंदिर-मशिदीत नेमाने जाणारा आणि धर्माच्या नावाने पेटणारा, ही बहुधा दोन वेगळी मुले असतात.

परतीची वाट

हिंसा सोडणे आणि हिंसेमागचा विचार सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी अभ्यासक मानतात, आणि पहिली दुसरीच्या आधी येऊ शकते. याचे भारतातले एक मोठे उदाहरण ग्वाल्हेरच्या शेजारीच घडले. चंबळमध्ये बंदूक घेऊन बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, उतरलेल्या माणसाला लोक ‘डाकू’ म्हणत नाहीत, ‘बागी’ म्हणतात. जमिनीचा तंटा, भाऊबंदकी, पोलिसांनी केलेला अपमान, आणि मग बंड, अशी ती ठरलेली कथा. तिच्यातला बागी दोषी नसतो, दुखावलेला असतो, आणि गावचा मुलगा ती ऐकत वाढतो. म्हणजे सहानुभूतीचा कारखाना इथे आधीपासून चालू होता, फक्त त्याला विचारसरणी नव्हती.

१९६० मध्ये विनोबा भावे या खोऱ्यातून पायी फिरले आणि काही बाग्यांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथे जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासह मोठ्या संख्येने बाग्यांनी शरणागती पत्करली; जौऱ्याच्या आश्रमातून डॉ. एस. एन. सुब्बाराव यांनी त्यासाठी जमीन तयार केली होती. बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या नाहीत. व्यासपीठावर गांधींची तसबीर होती, आणि हजारो लोकांसमोर एकेकाने पुढे येऊन तिच्या पायाशी आपले हत्यार ठेवले. खटले चालले, शिक्षा झाल्या, पण फाशी नको ही त्यांची मागणी मान्य झाली. अनेकांनी शिक्षा मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात शेती करत भोगली. ज्या मानासाठी बंदूक उचलली तो मान बंदूक ठेवतानाही मिळाला. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांचे काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि जौऱ्याचा विषय निघाला की आजही घेतला जातो.